पाच नखांचे प्राणी आणि बिनधुराची सिगारेट

१९८०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत टेक्सासमधल्या ‘ॲडव्हान्स्ड टोबॅको प्रॉडक्ट्स’ या कंपनीने ‘फेव्हर’ नावाची सिगारेट विकायला काढली. ती पेटवायची नव्हती. तिच्यात तंबाखू नव्हती, बॅटरी नव्हती, राख नव्हती, धूर नव्हता. सिगारेटच्या आकाराची प्लॅस्टिकची नळी आणि आत निकोटिनमध्ये भिजवलेला बोळा, एवढाच सगळा संसार. नळी ओठांत धरून श्वास ओढला की आत येणाऱ्या हवेबरोबर थोडे निकोटिन तोंडात आणि घशात उतरे. १९८७ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला कळवले की हे औषध देण्याचे साधन आहे, तेव्हा औषध म्हणून मंजुरी घेतल्याशिवाय ते विकता येणार नाही. फेव्हर बाजारातून गेली. दहा वर्षांनी, १९९७ साली, त्याच प्रशासनाने निकोटिनच्या एका इनहेलरला मंजुरी दिली. त्यातही प्लॅस्टिकची नळी, आत निकोटिनचा बोळा, आणि ओढली की तोंडात उतरणारी निकोटिनमिश्रित हवा. मधल्या काळात चाचण्या झाल्या होत्या आणि मात्रा ठरली होती, हे खरे. पण डोळ्यांत भरणारा फरक दुसराच आहे. इनहेलर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणार होता, आणि तोही सिगारेट सोडू पाहणाऱ्याला. वस्तू जवळजवळ तीच. एकदा तिला मज्जाव झाला, एकदा ती उपचार ठरली; कारण मधल्या काळात ती कोणाच्या ओठांत जाणार याचे उत्तर मिळाले होते.

ई-सिगारेटवरचा पुढचा सगळा वाद या दहा वर्षांत बीजरूपाने येऊन गेला, असे मला वाटते. तो वाद आपण आरोग्याचा आणि कायद्याचा समजतो. पण त्याच्या तळाशी एक जुना धार्मिक प्रश्न आहे. निषेध कशाचा असतो, वस्तूचा की त्या वस्तूशी जडलेल्या माणसाच्या नात्याचा? मद्य स्वतःच पाप, की पिणाऱ्याचे पिणे पाप? आणि जो आधीच बुडालेला आहे त्याला ‘त्यापेक्षा हे बरे’ म्हणून दुसरे काही हातात देणारा पुण्य जोडतो की पापात भागीदार होतो? माझे म्हणणे असे की दोषाची मोजणी वस्तूवरून करायला गेलेला कायदा या बाबतीत वारंवार फसला आहे. वस्तू कोणाला उद्देशून आहे, हे पाहिल्याशिवाय तिच्या बऱ्यावाईटाचा निवाडा होत नाही.

अमेरिकी कायद्याची फसगत आधी पाहू, कारण ती फार बोलकी आहे. फेव्हरमध्ये तंबाखू नव्हती म्हणून ती औषध ठरली. तंबाखूने भरलेल्या खऱ्या सिगारेटवर मात्र त्याच प्रशासनाचा काही अधिकार चालत नव्हता. तो मिळवायचा प्रयत्न झाला, तेव्हा २००० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो हाणून पाडला. न्यायालयाचा तर्क असा की औषधाचा कायदा लावला तर इतकी घातक वस्तू बाजारात ठेवताच येणार नाही, आणि सिगारेट बंद करावी असे तर अमेरिकी काँग्रेसच्या मनात कधीच नव्हते. थोडक्यात, सिगारेट इतकी विषारी की विषावर नजर ठेवणाऱ्या कायद्यात ती मावेना! शेवटी २००९ साली नवा कायदा करून तो अधिकार दिला गेला, पण १५ फेब्रुवारी २००७ रोजी बाजारात असलेल्या मालाला पूर्वमंजुरीतून सूट मिळाली. जुनी वहिवाट ज्याची, त्याचे वतन कायम. नव्याने मात्र परवानगीसाठी दारात उभे राहायचे. चीनमध्ये होन लिक यांनी २००३च्या सुमारास घडवलेली बॅटरीवरची सिगारेट अमेरिकेत येऊ लागली, तेव्हा प्रशासनाने तिलाही औषध ठरवून सीमेवर अडवले. कंपन्या न्यायालयात गेल्या. २०१०च्या जानेवारीत न्यायाधीश रिचर्ड लिऑन यांनी आणि डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने सांगितले की उपचाराचा दावा केलेला नसेल तर ही वस्तू तंबाखूचे उत्पादन मानावी.

या निवाड्याचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. ‘हे ओढलेत तर तुमची सिगारेट सुटेल’ असे विक्रेता म्हणाला, तर ते औषध आणि त्याला वर्षानुवर्षांच्या चाचण्या. तो काहीच म्हणाला नाही, नुसता आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा स्वाद भरून मोकळा झाला, तर दुकान उघडे. २०१६ साली नियम लागू होईपर्यंत केंद्रीय पातळीवर त्याला फारसे कोणी विचारतही नव्हते. वस्तू कोणासाठी आहे हे जो उघड सांगेल तो अडकणार, आणि जो कोणासाठीच नाही असे भासवून सगळ्यांना विकेल तो सुटणार, अशी ही व्यवस्था. वस्तूची व्याख्या करता करता कायद्याने माणसाचा उल्लेखच महाग करून ठेवला.

इथे मला मीमांसकांची आठवण होते. यज्ञातल्या समिधा-पुरोडाशाची चर्चा करणारे हे लोक आजच्या वाचकाला रुक्ष वाटतात, पण आज्ञा म्हणजे काय याचा त्यांच्याइतका बारकाईने विचार फार थोड्यांनी केला आहे. त्यांनी शास्त्रवचनांत तीन प्रकार वेगळे केले. जे माणूस आपणहून कधीच करणार नाही ते करायला लावणारा तो विधी. एक काम अनेक रीतींनी होत असता त्यांतली एकच बांधून देणारा तो नियम; भाताचे तूस काढायचे तर ते कांडूनच काढायचे, नखांनी सोलून नाही. आणि तिसरी परिसंख्या. तिचे ठरलेले उदाहरण म्हणजे पाच नखांच्या प्राण्यांपैकी पाचच खाण्याजोगे आहेत, हे वचन. ससा, घोरपड, कासव, साळिंदर वगैरेंची ती यादी. वरवर पाहता हे वाक्य खायला सांगते. पण भुकेल्या माणसाला मांस खा म्हणून शास्त्राने सांगावे लागत नाही. ते तो खाणारच आहे. वचनाचा सगळा भार बाकीचे प्राणी वगळण्यावर आहे. (रामायणात बाण लागून पडलेला वाली रामाला याच यादीचा दाखला देतो. माझे मांस तुला चालणारे नाही, मग मला मारलेस कशाला, हा त्याचा सवाल.) म्हणजे परिसंख्येत शब्द परवानगीचे असतात आणि हेतू आवरण्याचा असतो.

धूम्रपानाविषयीचा ‘हानी कमी करा’ हा विचार तंतोतंत परिसंख्या आहे. ब्रिटनमधले मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७०च्या दशकात सांगितले की माणसे निकोटिनसाठी ओढतात आणि मरतात ती डांबराने. ओढणारा ओढणारच आहे, ती भूक आधीच लागलेली आहे. तेव्हा जळणारे पान वगळा आणि निकोटिन उरू द्या. स्वीडनमध्ये ओव्ह फर्ने यांनी घडवलेला निकोटिनचा च्युइंगगम याच वाटेवरचा. पाणबुडीत अडकलेल्या, सिगारेट ओढता न येणाऱ्या नाविकांच्या हालांवरून ती कल्पना सुचली होती. १९८४ साली तो अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाला आणि त्यावर कोणाचा धर्म बुडाला नाही. ई-सिगारेट हे त्याच वाक्याचे आणखी एक रूप. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ साली ती सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी अपायकारक असल्याचे जाहीर केले, तेव्हा तो ओढायचा सल्ला नव्हता. ओढणाऱ्यांना घातलेले ते कुंपण होते.

मात्र मीमांसक इथेच थांबत नाहीत, आणि त्यांच्याविषयी मला आदर वाटतो तो यासाठी. परिसंख्येत तीन दोष आहेत असे ते स्वतःच सांगतात. वाक्य आपला सरळ अर्थ सोडते, नसलेला अर्थ अंगावर घेते, आणि आधीपासून मिळालेले काढून घेते. म्हणून दुसरी वाटच नसेल तेव्हा परिसंख्या मानावी, असा त्यांचा दंडक. पहिला दोष आपल्या कामाचा. वाक्य म्हणते ‘खा’, त्याला म्हणायचे असते ‘इतर खाऊ नका’; आणि ऐकणाऱ्याने फक्त ‘खा’ ऐकले तर? त्या ९५ टक्क्यांचे नेमके हेच झाले. तो आकडा कोणत्या मोजमापातून आलेला नव्हता. तज्ज्ञांच्या एका गटाने एकत्र बसून केलेल्या अंदाजावर तो उभा होता, आणि त्याबद्दल टीकाही झाली. पण अंदाज अगदी अचूक धरला तरी अडचण राहतेच. चाळीस वर्षे सिगारेट ओढणाऱ्याच्या कानात ‘पुष्कळ कमी घातक’ हे शब्द शिरले तर ते जीव वाचवणारे आहेत. तेच शब्द पंधरा वर्षांच्या मुलीच्या कानात ‘काही होत नाही’ असे होऊन शिरतात. तिला भूक लागलेलीच नव्हती. तिच्या बाबतीत ते वाक्य कुंपण राहत नाही, सरळ आमंत्रण होते. अमेरिकेत २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतल्या २७.५ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात ई-सिगारेट ओढल्याचे सांगितले. त्याच्या आदल्या डिसेंबरात मार्लबोरो बनवणाऱ्या आल्ट्रियाने जूल या ई-सिगारेटच्या कंपनीतला ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलर मोजून घेतला होता. सिगारेट सुटणाऱ्यांच्या संख्येवर कोणी एवढा पैसा लावत नसतो.

म्हणून मीमांसेतली दुसरी संज्ञा लागते, ती अधिकार. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय सगळा याच प्रश्नावर आहे : हे वचन कोणाला उद्देशून आहे? स्वर्ग हवा असेल त्याने हे करावे, असे वाक्य असेल तर ज्याला स्वर्ग नको त्याच्याशी ते बोलतच नाही. ही संज्ञा वापरताना मराठी वाचकाच्या कपाळावर आठी उमटणार, आणि ती उमटलीच पाहिजे. अधिकार या शब्दाखालीच शूद्रांना यज्ञापासून आणि वेदापासून दूर ठेवले गेले. त्याच सहाव्या अध्यायात ती चर्चा आहे. मग कोणाला काय चालते हे ठरवण्याचा हा जुना हत्यारखाना पुन्हा कशाला उघडायचा? उत्तर त्याच पानांवर सापडते. त्या चर्चेत बादरी नावाच्या आचार्यांचे मत नोंदले आहे की फळाची इच्छा हेच अधिकाराचे कारण असेल तर तो सगळ्यांनाच आहे. बादरी हरले, पण तर्क त्यांचा चोख होता. अधिकार गरजेवरून ठरतो तेव्हा ती दृष्टी असते. जन्मावरून ठरला की तिची भिंत होते. आजच्या काळातही ही घसरण सुटलेली नाही. न्यूझीलंडने २०२२ साली ठराविक तारखेनंतर जन्मलेल्यांना आयुष्यभर सिगारेट विकू नये असा कायदा केला आणि २०२४ साली तो मागे घेतला. माणसाकडे पाहायला निघालेला तो कायदा जन्मतारखेशी जाऊन अडकला होता. ज्याला भूक लागलेली आहे त्याच्या भुकेचा त्या अटीत विचार नव्हता.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, हे सगळे शास्त्रार्थात ठीक. टपरीवरच्या विक्रेत्याने गिऱ्हाइकाचा अधिकार कसा तपासायचा? वस्तूवर बंदी निदान सोपी तरी असते. हा आक्षेप वजनदार आहे, पण बंदीच्या सोपेपणाचा अनुभव महाराष्ट्राला पुरेसा आहे. २०१२ साली इथे गुटख्यावर बंदी आली. गुटखा म्हणजे तंबाखू मिसळलेला पानमसाला, ही व्याख्या झाल्यावर एका पुडीत पानमसाला आणि दुसऱ्या पुडीत तंबाखू मिळू लागली. मिसळण्याचे काम तेवढे गिऱ्हाइकाच्या तळहातावर आले. अमेरिकेत हीच गोष्ट प्रयोगशाळेत घडली. ‘तंबाखूपासून काढलेले निकोटिन’ अशी कायद्याची भाषा होती, म्हणून कंपन्यांनी प्रयोगशाळेत बनवलेले निकोटिन भरले आणि आम्ही त्यात बसतच नाही म्हणाल्या. २०२२च्या मार्चमध्ये व्याख्या दुरुस्त करावी लागली. वस्तूची व्याख्या केली की ती वस्तू कूस बदलते. उलट चिठ्ठी, वय, विक्रीचे ठिकाण, स्वाद, पाकिटाचा रंग, जाहिरातीची भाषा या सगळ्या खुणा वस्तूला तिच्या माणसाकडे वळवणाऱ्या आहेत. त्या कधीच पुरत्या यशस्वी होत नाहीत, हे कबूल. ब्रिटनने १८ वर्षांची अट घातली, निकोटिनची मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ठेवली, तरी मुलांच्या हातात रंगीत व्हेप आलेच. शेवटी २०२५च्या जूनपासून एकदा वापरून फेकायची व्हेप तिथे बंद झाली. तरीही ही बंदी मुलांना सोपी पडणारी वस्तू हेरून घातलेली आहे, आणि सिगारेट सोडणाऱ्याची पुन्हा भरता येणारी नळी तिने शाबूत ठेवली.

खरा अवघड आक्षेप धर्माच्या बाजूने येतो, आणि त्याला आकड्यांचे बळ आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत ८८६ जणांना दोन गटांत विभागले होते. वर्षअखेर सिगारेट सुटलेल्यांचे प्रमाण ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के होते आणि च्युइंगगम-पट्ट्यांच्या गटात ९.९ टक्के. म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण ज्यांची सुटली त्यांच्यापैकी पहिल्या गटातले ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते; दुसऱ्या गटात उपचार चालू ठेवणारे ९ टक्के होते. मग सुटले काय? धूर सुटला, परवशता तशीच राहिली. ज्या परंपरा व्यसनाला बंधन मानतात त्यांना हा सौदा खोटा वाटेल. शीख खालसाला तंबाखू वर्ज्य आहे आणि त्याचे कारण फुप्फुसाचा कर्करोग हे नाही. बौद्धांचे पाचवे शील मादक पदार्थ वर्ज्य करते ते प्रमादाला, बेसावधपणाला जागा मिळते म्हणून. निकोटिनने कोणी झिंगत नाही. पण सकाळी उठल्यावर पहिला हात कशाकडे जातो, हा प्रश्न बेसावधपणाचाच आहे.

हा आक्षेप मी खोडू शकत नाही, त्याची जागा मात्र दाखवू शकतो. व्रत आणि बंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमृत छकलेल्या शिखाला तंबाखू वर्ज्य आहे, कारण ती मर्यादा त्याने स्वतः पत्करली आहे. जैनांनी साधूला महाव्रत दिले आणि गृहस्थाला त्याच व्रताचे लहान रूप, अणुव्रत. म्हणजे कोणाच्या खांद्याला किती पेलते हे पाहून दिले. व्रताचे मोल घेणाऱ्याच्या संकल्पात असते. शासनाने कोणाच्या हातून वस्तू हिसकावली म्हणून त्याच्या मनाची परवशता संपत नाही, ती फक्त दुसरी वस्तू शोधते. आसक्तीपासून सोडवणे हे गुरूचे, कुळाचे, सोबत्यांचे काम, आणि मुख्यतः ज्याचे त्याचे. मरण थोडे लांबवणे हे शासनाचे काम. त्या ८० टक्क्यांच्या हाती अजून नळी आहे, पण त्यांच्या छातीत डांबर जायचे थांबले आहे. मोक्ष ही आरोग्य खात्याची मोजपट्टी नव्हे.

बिनधुराचे म्हणजे निर्धोक नव्हे, ही सावधगिरी मराठी माणसाला तर कोणी शिकवायला नको. चुना लावून मळलेली तंबाखू, दाताला लावायची मिश्री, तपकीर, हे सगळे बिनधुराचेच. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ४ टक्क्यांहून कमी आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे सुमारे २४ टक्के आढळले, आणि त्याची किंमत तोंडाच्या कर्करोगात मोजली जाते. अमेरिकेत २०१९च्या उन्हाळ्यापासून व्हेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना इजा होऊ लागली, २८०७ जण रुग्णालयात गेले, ६८ दगावले. त्याचा मुख्य दोष पुढे गांजाच्या अर्काच्या चोरट्या काड्यांत मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या तेलाकडे गेला, निकोटिनच्या द्रवाकडे नाही. तरी तीस वर्षांनी काय होते हे तीस वर्षांनीच कळेल. ही शंका ज्याला काहीच व्यसन नाही त्याला थांबवायला पुरेशी आहे. जो रोज वीस सिगारेटी ओढतो त्याच्या बाबतीत ती पारड्यात घालावी लागते, आणि दुसऱ्या पारड्यात काय आहे हे माहीत आहे.

त्याच गदारोळात, १८ सप्टेंबर २०१९ रोजी, भारत सरकारने वटहुकूम काढून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात बंद केली, आणि वर्षअखेर त्याचा कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, पुन्हा केल्यास तीन वर्षे आणि पाच लाख, नुसता साठा केला तरी सहा महिने. मुलांना वाचवणे हा हेतू सांगितला गेला आणि तो खराच होता; माझा वाद हेतूशी नाही. याच देशात २ मिलिग्रॅमपर्यंतचा निकोटिनचा च्युइंगगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, म्हणजे भुकेल्यासाठी वाट ठेवायची रीत आपल्याला ठाऊक आहे. या कायद्याने मात्र ज्याने कधी ओढली नाही आणि ज्याला सोडवत नाही, अशा दोघांना एकच वाक्य ऐकवले. विक्रेता आणि साठेबाज कोण हे त्यात नीट सांगितले आहे. ओढणाऱ्याविषयी, त्याला शिक्षा सांगणारे किंवा त्याला दुसरी वाट दाखवणारे, एकही कलम नाही. तो त्या कायद्यातून बाहेर पडून कोपऱ्यावरच्या टपरीशी उभा राहतो. तिथे सिगारेट सुटी मिळते, एकेक. पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारे इशाऱ्याचे चित्र पाकिटाबरोबर विक्रेत्यापाशीच राहते, आणि काडी पेटवायला दोरीला टांगलेला लायटर असतो.